सरांची गणितं, माझ्या नावावर

त्या वर्षी मला गणितं सुचेनाशी झाली. सोडवता यायची. समोर आलं की पेन आपोआप चालायचा. पण कोऱ्या पानावर नवं गणित मांडणं, ज्याचा मला पगार मिळायचा, ते बंद पडलं.

नागपुरातल्या एका कोचिंग क्लासच्या कंपनीत मी नोकरीला होते. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पुस्तकं निघायची, त्यातली शाब्दिक गणितं आम्ही तयार करायचो. दिवसाला पंचवीस. प्रत्येक नवं असायला हवं, कुठून उचललेलं चालायचं नाही. लिहिलेलं गणित आधी एका प्रोग्राममध्ये टाकायचं. तो इंटरनेटवर तसं कुठं काही आहे का ते शोधायचा आणि सापडलं नाही तर हिरवी खूण द्यायचा. खूण आली की ते गणित कंपनीचं. लेखकाच्या रकान्यात माझा कर्मचारी नंबर आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर 'सर्व हक्क राखीव'.

सात वर्षं मी हे काम जीव लावून केलं. भाजीवाल्याच्या काट्यावरून, मेट्रोच्या पुलावरच्या खांबांवरून, मुलीच्या वाढदिवसाच्या केकवरून मला गणितं सुचायची. स्कूटर चालवताना सुचलं तर सिग्नलला तळहातावर आकडे लिहून ठेवायचे. नवरा हसायचा.

मग ते थांबलं. कधी, ते नेमकं सांगता येत नाही. एक दिवस पंचवीसच्या ऐवजी अठरा झाली, पुढच्या आठवड्यात अकरा. मग असे दिवस आले की सकाळी साडेनऊला मी 'एका टाकीला दोन नळ आहेत' असं लिहायचे आणि दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत तेवढंच पडद्यावर असायचं. मध्ये तीनदा खाली जाऊन चहा घ्यायचे. तर्री पोह्याच्या गाडीपाशी उगीच उभी राहायचे. परत येऊन मोबाइल उघडायचे, बंद करायचे, ड्रॉवरमध्ये ठेवायचे, पाच मिनिटांनी ड्रॉवर उघडायचे. डोकं एका जागी थांबायचंच नाही. टाकीवरून नळावर, नळावरून घरच्या गळक्या नळावर, तिथून प्लंबरच्या न उचललेल्या फोनवर. दिवस संपायचा आणि मी काय केलं हे मलाच सांगता यायचं नाही.

नवऱ्याने थायरॉइड तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट नॉर्मल आला. सकाळी फिरायला जा म्हणाला, गेले. आमच्या विभागाच्या हेड मॅडम, वयाने माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण स्वभावाने चांगल्या, त्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ताई, घरी काही टेन्शन आहे का?"

नव्हतं. घरी सगळं ठीक होतं. कारण असतं तर निदान त्याला धरून बसता आलं असतं.

एके सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली आणि मला वर जाता येईना. पाय उचलेचना. चाळीस मिनिटं मी गाडीवर बसून होते आणि हेल्मेट न काढता रडत होते. हेल्मेटची काच खाली असली की बाहेरच्याला काही दिसत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. शेवटी वॉचमन जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, गाडी स्टार्ट नहीं हो रही क्या?" मी मान हलवली आणि वर गेले. त्या दिवशी माझी चार गणितं झाली. चारही टाकीची.

त्याच महिन्यात मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी जुने कागद शोधत होते. दिवाणातल्या पेटीत माझा शाळा सोडल्याचा दाखला सापडला आणि त्याच्या खाली दोनशे पानी रजिस्टर. मळकं हिरवं कव्हर. आत पहिल्या पानावर माझ्या नववीतल्या अक्षरात लिहिलं होतं: आजचं गणित.

मी नरखेड तालुक्यातल्या एका गावात शिकले. आमचे गणिताचे सर रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गणित लिहायचे. पुस्तकातलं नाही, स्वतःचं. संत्र्याच्या पेट्या मोजायच्या, काटोलहून निघालेली एसटी आणि नरखेडहून निघालेली सायकल कुठं भेटतील ते काढायचं, विजेची लाइन चार तासच असेल तर मोटरपंपाने किती झाडांना पाणी होईल ते सांगायचं. एका गणितात तर सरांच्या बायकोने पाठवलेला डबा वाटेत तीन जण थोडा थोडा खातात आणि सरांपर्यंत किती पोळ्या पोचतात ते विचारलेलं होतं. वर्ग हसून लोळला होता. तास संपला की सर स्वतःच्या हाताने फळा पुसायचे. कोणी ते उतरवून घेत नसे, परीक्षेत येत नव्हतं ना. मी घ्यायचे. दोन वर्षांत दोनशे एकोणीस गणितं झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर मी पिशवीत घालून ऑफिसला नेलं. नुसतं वाचायला, असं स्वतःला सांगितलं. वाचून डोकं चालू होईल. अकरा वाजता मी त्यातलं एक गणित टाइप केलं, संत्र्यांच्या जागी आंबे केले, गावाचं नाव काढलं आणि प्रोग्राममध्ये टाकलं. हिरवी खूण आली. येणारच होती. ती गणितं फळ्यावर लिहिली गेली होती आणि फळा पुसला गेला होता. जगात ती फक्त माझ्या मांडीवरच्या त्या वहीत होती.

मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. पाण्यात बुडणाऱ्याचे पाय तळाला टेकावेत तसं वाटलं.

चार महिन्यांत एकशे चौदा गणितं मी तशी उतरवली. सुरुवातीला आकडे बदलायचे, नंतर तेही सोडून दिलं. बदलायला लागणारं लक्षसुद्धा माझ्याकडे उरलं नव्हतं. पुस्तक निघालं. हेड मॅडमनी सगळ्या विभागाला मेल पाठवून लिहिलं की आमच्या ताईंच्या गणितांत खरं गाव आहे, बाकीच्यांनी शिकावं. लोकांनी अभिनंदन केलं. मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन जागेवर बसले.

दीड वर्ष गेलं. मी कशीबशी तग धरून होते. त्या काळात माझ्याकडे जुनी गणितं तपासायचं काम आलं होतं, ते जमत होतं. मग एके दिवशी हेड मॅडमनी बोलावलं. केबिनमध्ये कंपनीचे वकील बसले होते.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. व्हिडिओ होता. एका घराची ओसरी, भिंतीला टेकवलेला लहान फळा आणि त्याच्यापुढे सर. केस पूर्ण पांढरे. खडू धरायची तऱ्हा तीच, दोन बोटांत, विडी धरल्यासारखी. ते म्हणत होते, "पोट्टेहो, आता हा डबा निघाला घरून..."

"ही तुमची गणितं आहेत," वकील म्हणाले. "हा माणूस कोण, रिटायर्ड मास्तर आहे. आपल्या पुस्तकातून उचलून व्हिडिओ करून राहिला. प्रोग्रामने चाळीसच्या वर पकडले. आपण तक्रारी केल्या, चॅनल बंद झालंय. नोटीसही गेली. आता त्याच्या मुलीचं उत्तर आलं की हे गणितं वडिलांचेच आहेत म्हणून. पुरावा काहीच दिला नाही."

मी खुर्चीचे हात धरून बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही घाबरू नका. आपलं पुस्तक आधीचं, त्यांचे व्हिडिओ नंतरचे. क्लिअर केस आहे."

वकिलांनी एक कागद पुढे केला. त्यात दोन रकाने होते, एकीकडे आमचं पुस्तक, दुसरीकडे सरांचे व्हिडिओ. एका गणिताला त्यांनी लाल खूण केली होती. एक आयताकृती बाग, साठ मीटर लांब, पंचेचाळीस मीटर रुंद. भोवती तारेचं कुंपण घालायचं. एका बाजूला फाटकासाठी सहा मीटर जागा मोकळी सोडायची. दर तीन मीटरवर एक खांब, फाटकाच्या दोन्ही टोकांनाही खांब. एकूण खांब किती? आमच्या पुस्तकात उत्तर होतं सत्तर. सरांच्या व्हिडिओतही सत्तर.

"हे उत्तर चूक आहे," वकील म्हणाले. "मी आमच्या ऑफिसातल्या पोराकडून करवून घेतलं. बागेची कड दोनशे दहा, फाटकाचे सहा गेले, दोनशे चार उरले. तीन-तीन मीटरचे अडुसष्ट गाळे, म्हणजे खांब एकोणसत्तर. बरोबर ना? बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूक कशी सारखी येईल? त्याने आपली चूकसुद्धा उतरवली."

पुस्तकात उत्तर टाकताना मी ते गणित सोडवून पाहिलं नव्हतं. वहीत सत्तर होतं, सत्तर लिहिलं.

त्यांना माझ्याकडून एक निवेदन हवं होतं. ही गणितं मी स्वतः, या नोकरीत असताना, स्वतःच्या बुद्धीने तयार केली. खाली सही. मजकूर तयारच होता. मी म्हटलं, वाचून सोमवारी देते. मॅडम जरा चकित झाल्या, पण हो म्हणाल्या.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला वहीचं माहीत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सही करून टाक. सर म्हातारे आहेत, कोर्टात थोडेच जातील. दोन महिन्यांत लोक विसरतील." थोड्या वेळाने परत म्हणाला, "तुझी नोकरी गेली तर दुसरीकडं कोण घेईल तुला? हे लपून राहील का?"

तो वाईट माणूस नाही. तो जे बोलला ते सगळं माझं आधीच स्वतःशी बोलून झालं होतं.

शनिवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी धरली. रजिस्टर पिशवीत होतं. काटोल येईपर्यंत मी दोनदा ठरवलं की उतरून परत जायचं. गावात आता माझं कोणी नाही, भाऊ अमरावतीला असतो. स्टॉपवर उतरून सरळ सरांच्या घरी गेले.

सरांची मुलगी दारातच भेटली. शाळेत ती माझ्या मागे चार वर्षं होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"ताई! मी तुमचाच नंबर शोधून राहिली होती. तुम्ही नागपुरात त्याच लाइनमधी आहात ना? बाबाच्या वर्गात तुम्ही होत्या. तुम्ही सांगू शकता का हे गणितं जुने आहेत म्हणून."

तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून नोटीस काढून दाखवली. शिक्षा झालेल्या माणसासारखी मी ती वाचली. ती सांगत होती. निवृत्त झाल्यावर बाबा नुसते बसून राहायचे, म्हणून तिनेच मोबाइल लावून व्हिडिओ करायला सुरुवात केली. लोक बघायला लागले. दूरदूरची मुलं कमेंट करायची, बाबा चष्मा लावून एकेक वाचायचे. मग चॅनल बंद झालं. गावात कोणीतरी बातमी केली की मास्तरांनी नागपूरच्या कंपनीचं चोरलं.

"बाबा आता फळ्याले हात लावत नाही," ती म्हणाली. "बगीच्यात जाऊन बसते दिवसभर. चला, तुम्हाला पाहून बरं वाटन त्याहिले."

बगीचा घरापासून दहा मिनिटांवर. तारेच्या कुंपणाजवळ पोचलो आणि मी थबकले. फाटक दोन पल्ल्यांचं होतं, आणि दोन पल्ल्यांच्या मधोमध जमिनीत एक सिमेंटचा खांब रोवलेला होता. दोन्ही पल्ले त्या खांबाला येऊन कडीत अडकत होते. मी मनात मोजलं. फाटकाच्या दोन टोकांना दोन, मध्ये हा एक. एकोणसत्तर आणि एक, सत्तर.

तेव्हा मला वर्ग आठवला. आम्हा सगळ्यांचं उत्तर एकोणसत्तर आलं होतं, आणि सर म्हणाले होते, चूक, पुन्हा करा. कोणालाच कळलं नव्हतं. शेवटी सरांनीच उत्तर सांगितलं तेव्हा मी एकोणसत्तर खोडून सत्तर लिहिलं होतं. सर स्वतःच्या बगीच्याचं गणित घालत होते. फाटकात खांब असतो हे त्यांच्या इतकं डोळ्यांपुढे होतं की ते सांगायचं राहून गेलं.

सर एका झाडाखाली गोणपाटावर बसले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. "ये माय," ते म्हणाले. "कवा आली? बस."

मी बसले. मुलगी उभीच होती. इकडचं तिकडचं झालं. मग सरांनी स्वतःच विषय काढला.

"बरं झालं तू आली. मले एक सांग वं. तू रोज ते गणित उतरवून घेत जाय, मले ध्यानात आहे. ते गणितं मी कुठून आणत होतो?"

"म्हणजे, सर?"

"मी आतापर्यंत समजत होतो का मीच बनवतो. सकाळी शाळेत येता येता, सायकलवर. पण आता वाटते, कुठंतरी वाचले असतीन. कोण्या पुस्तकात. माणूस विसरून जाते कुठून आलं ते, आन आपलंच समजते." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "एवढी मोठी कंपनी. वकिलाच्या सहीनं लिहून पाठवलं. ते खोटं काहून लिहितीन? माह्याजवळ तर एक कागद नाही. पंधरा दिवसांपासून इचार करून राहिलो, आठवत नाही."

मी बसमध्ये काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. आधी माझी अवस्था सांगायची, मग वहीचं, मग माफी. त्यातलं काही तोंडातून निघालं नाही.

"सर, तुम्ही नाही. मी चोरले," मी म्हटलं. "त्या कंपनीत मीच आहे. वहीतून मी उतरवले. तुमचे गणितं तुमचेच आहेत."

शेजारच्या बगीच्यात पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

"किती?" सरांनी विचारलं.

"एकशे चौदा."

"एवढे होते का वहीत?"

"दोनशे एकोणीस आहेत."

"दोनशे एकोणीस," ते म्हणाले. "मले वाटे पन्नास-साठ असतीन." मग, "काहून केलं वं असं?"

"सुचत नव्हतं, सर. काहीच सुचत नव्हतं. बसलं की डोकं चालत नव्हतं. महिनेच्या महिने."

"मंग मले फोन काहून नाही केला? सांगितलं असतं तर मी देल्ले असते. दोनशे काय, पाचशे देल्ले असते. माहं काय जात होतं?"

त्यांनी रागावून विचारलं असतं तर मला सोसलं असतं. ते खरंच विचारत होते. सर अजून आहेत, त्यांना फोन करता येईल, हे त्या चार महिन्यांत माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

मुलगी पुढे आली. तिने मला परत ताई म्हटलं नाही. "उठा," ती म्हणाली. "घरी चला आन लिहून द्या. आत्ताच्या आत्ता. तुम्ही नागपूरले गेल्या का तुमचं मन फिरन."

घरी ओसरीवर तिने मला कोरे कागद दिले. मी लिहायला बसले. 'मी खाली सही करणार' एवढं लिहून थांबले. पुढचं वाक्य येईना. ज्या कामासाठी मी इथवर आले होते तेही माझ्याच्याने होईना. लक्ष कोपऱ्यातल्या फळ्याकडे जायचं, त्याच्यावर टाकलेल्या कापडाकडे जायचं. दोन कागद फाडले. तिसऱ्या वेळी ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "मी सांगते, तुम्ही लिहा." मग तिने शुद्धलेखन घालतात तसं एकेक वाक्य सांगितलं आणि मी लिहिलं. अमुक साली मी या शाळेत शिकत होते. हे सर रोज स्वतः रचलेलं गणित फळ्यावर लिहीत. मी ते वहीत उतरवलं. पुढे नोकरीत असताना मी त्यातली एकशे चौदा गणितं माझी म्हणून दिली. 'माझी म्हणून' वर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "खोटं बोलून, असं लिहा." मी तसं लिहिलं. सही केली.

सर पलीकडे खुर्चीवर बसून रजिस्टर वाचत होते. एका पानावर त्यांना हसू आलं. पुढच्या पानावर ते गेलं. पाहता पाहता त्यांनी विचारलं, "हे माहंच का वं? हे मले बिलकूल आठवत नाही." मी म्हटलं, "तुमचंच आहे, सर." त्यांनी मान हलवली आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मुलीने पत्राची आणि सगळ्या वहीची झेरॉक्स काढली. मूळ पत्र आणि वही तिने ठेवली आणि झेरॉक्स मला दिली. मी सरांच्या पाया पडले. "जा," ते म्हणाले, "साडेचारची बस निघून जाईन."

सोमवारी मी कंपनीचं निवेदन सही न करता परत दिलं आणि माझ्या पत्राची प्रत हेड मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ते वाचलं. उठून केबिनचं दार लावलं, खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"ताई, मी तुमच्यासाठी मेल लिहिला होता," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी माझ्यासाठी नव्हतं. "सगळ्यांना. खरं गाव आहे म्हणून."

वकिलांचं म्हणणं असं पडलं की पत्र मागे घ्यायचं, मी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा द्यायचा आणि कंपनी तक्रार गुपचूप काढून घेईल. मी म्हटलं, मूळ पत्र माझ्याकडे नाही, सरांच्या घरी आहे. त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही. दुपारी कार्ड लावलं तर दार उघडेना. माझी पाण्याची बाटली आणि टिफिन वॉचमनने खाली आणून दिला.

दोन महिन्यांनी चॅनल परत सुरू झालं. कंपनीने गैरसमज झाल्याचं दोन ओळींत कळवलं, माफी मागितली नाही. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ती गणितं नाहीत. त्यांच्या जागी कोणीतरी दुसरी लिहिली असतील, दिवसाला पंचवीस. बातमी गावात जशी पसरली होती तशी ती मागे घेतल्याची पसरली नाही.

मी आता जरीपटक्यात एका खाजगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला शिकवते. पुस्तकातली गणितं सोडवून देते. ते येतं. दोन कंपन्यांत अर्ज केले होते, मुलाखतीनंतर कोणी कळवलं नाही. नवरा त्या विषयावर बोलत नाही, मीही नाही. सकाळी मुलगी शाळेत गेली की मी वही घेऊन बसते. रोज. अर्धा तास, कधी तास. सुचत नाही. मला वाटलं होतं की खरं सांगून टाकलं की काहीतरी मोकळं होईल, निदान डोकं तरी. तसं काही झालं नाही. पूर्वी न सुचण्याचं कारण सापडत नव्हतं. आता कारण आहे असं म्हणावं, तर ते न सुचणं त्या चोरीच्या आधीचं आहे.

सरांच्या मुलीचा मधूनमधून फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी घाबरले. तिने नमस्कारही न करता विचारलं, "तुमच्याजवळच्या झेरॉक्समधी विहिरीच्या पायऱ्यांचं गणित आहे का?" मी शोधलं. होतं. "आहे, बाराव्या पानावर," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

मग तिने एकदा सांगितलं. सर व्हिडिओ करायला बसतात, पण गणित घालायच्या आधी तिला विचारतात, हे माझंच आहे ना? ती वहीत बघते. वहीत असलं तर ते पुढे सांगतात. मूळ वही तिच्याकडे असतेच, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. कधी कधी ते म्हणतात, तिलेही विचार, तिच्याजवळ आहे का पाहा. म्हणून ती मला फोन करते.

परवा तिने एक गणित वाचून दाखवलं. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या दोन माणसांचं होतं, एक बुंदी घेऊन इकडून निघतो, दुसरा तिकडून मठ्ठा घेऊन. फार सुंदर गणित होतं. मी सगळी पानं पुढून मागून पाहिली.

"हे वहीत नाही," मी म्हटलं.

"माह्याजवळच्यातही नाही."

"मग नवं आहे. सरांनी नवं केलं. सांग त्यांना."

मागून सरांचा आवाज येत होता, काय म्हणाली, काय म्हणाली.

"मी सांगतलं त्याहिले, नवं आहे म्हणून," ती म्हणाली. "ते म्हणते, कशावरून? वहीत लिहिलेलं पटते, पण तुम्ही तोंडानं सांगाल ते त्याहिले पटत नाही."

मी म्हटलं, मी येऊ का तिकडं, समोरासमोर सांगते. ती म्हणाली, नका येऊ.